पाठमोरा

कपाटाच्या दाराची बिजागरी आवळत तो उभा होता, एक स्क्रू ओठांत धरलेला, आणि पाठीमागून कुणीतरी वाचायला लागलं. ‘कासव निघाले. पाऊस आला. कासव घरात गेले.’ मधली सुट्टी होती. पोरं सगळी मैदानात होती आणि त्यांचा गलका बंद खिडक्यांवर येऊन आपटत होता. आधी त्याला वाटलं, एखादी बोलकी पाटी बंद करायची राहून गेली असेल. पण पाटीतला आवाज कधी अडखळत नाही. हा आवाज ‘पाऊस’पाशी जरा थांबला, श्वास घेतला आणि मग पुढे गेला. तो गर्रकन वळला. खिडकीजवळच्या बाकावर बटण बसली होती. तिचं तोंड अजून अर्धवट उघडं होतं. त्याची नजर पडली तसं ते मिटलं, आणि फ्रॉकच्या गळ्याचं बटण नेहमीसारखं दातांत गेलं. पोरांनी तिचं नाव बटण पाडलं होतं ते त्याच्यावरूनच. ‘काय म्हणालीस गं?’ त्याने विचारलं, आणि विचारताना ओठांतला स्क्रू फरशीवर पडून बाकांखाली घरंगळत गेला. शाळेत आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. तो वाकून स्क्रू शोधायला लागला, पण बाकांखाली त्याला नुसत्या दप्तरांच्या सावल्या दिसत होत्या. मुलगी बोलली ही गोष्ट मोठीच होती. पण आपण हललो ते तेवढ्यानं नव्हतं, हेही त्याला कळत होतं. काहीतरी दुसरंच होतं, आणि ते अजून वर आलं नव्हतं.

पोरं त्याला मामा म्हणत. आयुष्यभर त्याने गाड्यांच्या कारखान्यात फिटरचं काम केलं होतं, आणि शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की त्याची बायको इथे पहिलीच्या वर्गावर होती. ती गेल्यावर मोठ्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. ‘घरी बसून काय करणार? वर्गात कुणीतरी मोठं माणूस लागतंच आम्हाला,’ त्या म्हणाल्या. ही दया होती हे त्याला तिथल्या तिथे कळलं होतं, पण नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो. काम सोपं होतं. सकाळी पाट्या कपाटातून काढून बाकांवर ठेवायच्या, संध्याकाळी परत चार्जिंगला लावायच्या, कानाच्या वायरींचा गुंता सोडवायचा, कुणाला शूला न्यायचं, कुणाचं नाक पुसायचं. शिकवायचं मात्र नाही. ते पाटी करायची. एका पोराला एक पाटी. तिच्यात एका ताईचा आवाज होता. ती ताई पोराचं ऐकायची, पोराकडे बघायची, चुकलं तर न चिडता पुन्हा सांगायची, आणि कुणाला काय येतं नि काय येत नाही हे तिच्याजवळ साठत जायचं. नव्या बाई तीन वर्गांवर मिळून एकट्या होत्या. पायाला भिंगरी लावल्यासारख्या त्या एका दारातून दुसऱ्या दारात असायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, ‘मामा, अभ्यासातलं काही विचारलं तर सांगू नका हं. तुम्ही सांगितलंत की पाटीला कळत नाही, पोराला स्वतःला किती येतंय ते.’ त्याला ते पटलं होतं. गाडीचं इंजिन तपासताना कुणी मध्ये हात घातला तर तोही खवळायचा.

आणि पाट्या वाईट नव्हत्या, हे तो कुणालाही सांगायला तयार होता. वजाबाकी म्हटली की बाकाखाली जाऊन बसणारा एक पोरगा आता घरी जायची घंटा झाली तरी पाटी सोडत नव्हता. ‘मामा, अजून एक, अजून एकच,’ म्हणायचा. बायको शेवटी शेवटी शाळेत जात होती तेव्हा या पाट्या नुकत्या आल्या होत्या. तो जेवताना मुद्दाम तिला डिवचायचा, ‘आता तुझं काम गेलं बघ. ती मशीन चिडत नाही, रजा मागत नाही, शिवाय तुझ्यासारखं खोकत पण नाही.’ ती रागवायची नाही. विचार करून म्हणायची, ‘चांगली आहे हो. माझ्यापेक्षा पुष्कळ बाबतींत चांगली आहे. फक्त पोरावरची नजर काढत नाही.’ तो म्हणाला होता, ‘मग? नजर ठेवावी म्हणूनच तर आणलीय.’ ‘तेच,’ ती म्हणाली होती आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला होता. त्याने पुढे काही विचारलं नाही. तिच्या शाळेतल्या गोष्टी तो एका कानाने ऐकायचा. कारखान्यातल्या त्याच्या गोष्टी ती दोन्ही कानांनी ऐकायची, हे त्याला फार उशिरा लक्षात आलं, जेव्हा सांगायलाच कुणी उरलं नाही तेव्हा.

स्क्रू सापडला. तो उठला, गुडघा धरून जरा उभा राहिला, आणि मग सहज, दुसरं काय करावं ते न सुचल्यामुळे, परत कपाटाकडे तोंड करून दार बसवायला लागला. कपाट जुनं, काचेच्या दारांचं. पूर्वी त्यात बायकोचे खडू, तिची डस्टरं, मण्यांची पाटी असं काय काय असायचं. आता त्याने फळ्यांना भोकं पाडून त्यांतून चार्जिंगच्या वायरी ओवल्या होत्या. तो स्क्रू फिरवत राहिला. मग पुन्हा, ‘कासव निघाले,’ आणि या वेळी तो वळला नाही. हात थांबवावा की चालू ठेवावा हेही त्याला कळेना, आणि तेवढ्यात त्याला आठवलं. हात चालू ठेवायचा. बायको हात चालू ठेवायची. वर्गात एखादं पोर वाचायला उभं राहिलं आणि त्याची वाचा बसली, की ती त्याला ओरडायची नाही, चुचकारायचीसुद्धा नाही. ती सरळ फळ्याकडे वळायची आणि फळा पुसायला लागायची. स्वच्छ फळा पुन्हा पुसायची. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, जसं काही वर्गात कुणी नाहीच. आणि मागून हळूहळू पोर वाचायला लागायचं. तो तिला एकदा डबा द्यायला आला होता तेव्हा दारातून त्याने हे पाहिलं होतं आणि संध्याकाळी तिची टर उडवली होती, ‘तुला पगार शिकवण्याचा मिळतो की फळा पुसण्याचा?’ ती हसली होती. ‘काही पोरांना तोंडावर बोलता येत नाही हो. पाठीशी येतं. आणि वाचायला लागलं की शाबासकी द्यायची नाही. शाबासकी दिली की ते जागं होतं, बघतं की सगळे आपल्याकडे बघतायत, आणि संपलं. नुसतं बरं म्हणायचं आणि पुसत राहायचं.’

‘बरं,’ तो कपाटाला म्हणाला. मागे मुलीने कासवाचा सगळा धडा वाचला. मग घंटा झाली, पोरांचा लोंढा दारातून आत आला, आणि बटणच्या तोंडाला परत कुलूप लागलं.

त्या दिवशी तो घरी चालत गेला. बसमध्ये माणसं समोरासमोर बसतात, ते त्याला नको वाटलं. रस्त्याच्या कडेला पाइपासाठी चर खणला होता आणि त्याच्या कडेकडेने जाताना मनातलं ते राहिलेलं वर यायला लागलं. काही पोरांना तोंडावर बोलता येत नाही. तिने ते पोरांबद्दल म्हटलं होतं, पण ती बोलत होती त्याच्याबद्दल. लग्न झालं तेव्हा तोही तसाच होता. कारखान्यातून यायचा, मोरीत हात घासायचा, पाटावर बसायचा आणि गप्प. आत काय काय साचलेलं असायचं, मुकादमाशी झालेलं भांडण, मित्राचं बोट यंत्रात गेलेलं, आईच्या दुखण्याची काळजी, पण समोर ती बघत बसली की तो ताटाकडे बघत जेवून उठायचा. मग कधीतरी ती ओट्याकडे तोंड करून काहीबाही करत राहायला लागली. चिरून झालेलं पुन्हा बारीक चिरायची, पुसलेला ओटा पुसायची, आणि तो तिच्या पाठीशी बोलायला लागला. आई गेली तेव्हा तो रडला तो त्या पाठीशीच. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला जाते म्हणाली तेव्हा त्याला काय वाटलं, तेही त्याने त्या पाठीलाच सांगितलं. तिच्या ब्लाउजच्या पाठीवर खडूची बोटं उमटलेली असायची, वर्गातल्या कुठल्या तरी पोराची, आणि तो बोलता बोलता त्या बोटांकडे बघत राहायचा. ‘बरं,’ ती म्हणायची. ‘बरं.’ संसारातलं सगळं महत्त्वाचं बोलणं त्याने असं केलं होतं, आणि इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ती कामात असायची.

मग तिचं दुखणं पाठीच्या कण्यात उतरलं. डॉक्टरांनी सांगितलं, उताणं पडून राहायचं, कूस बदलायची नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खाट लावली. आणि तिचा चेहरा सारखा वर, सारखा त्याच्याकडे. पाठ नाहीशी झाली. तो खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसायचा आणि त्याला औषधाशिवाय काही बोलता यायचं नाही. गोळी घेतलीस का. पाणी देऊ का. पंखा कमी करू का. ती बघत राहायची. तिच्या डोळ्यांत विचारणं असायचं, आणि तो पंख्याकडे बघायचा. मुलगी येऊन राहिली होती तेव्हा चिडून म्हणाली होती, ‘बाबा, तुम्ही आईशी बोला ना काहीतरी! असे काय बसता परक्यासारखे?’ तो उठून गाळलेलं पाणी पुन्हा गाळायला गेला होता. आणि मग ते. चराच्या कडेला तो थांबला, कारण ते आता आलं होतं. एका दुपारी, अगदी शेवटच्या दिवसांत, ती म्हणाली, ‘अहो, जरा तिकडे तोंड करून बसा ना.’ त्याला वाटलं, ती कंटाळली. हा सारखा समोर बसलेला बघून जीव उबगला तिचा. त्याला वाईटही वाटलं, पण ते त्याने दाखवलं नाही. ‘बरं, तू पड जरा,’ म्हणाला, आणि उठून बाहेर जिन्यात जाऊन बसला. अंधार पडेपर्यंत बसला. आत आला तेव्हा तिचा डोळा लागलेला होता. पुन्हा तिने तसं सांगितलं नाही. पुन्हा तिने फारसं काहीच सांगितलं नाही.

चरात खाली एक माणूस पाइपाचा जोड बसवत होता. त्याने वर बघून विचारलं, ‘काय आजोबा, काही पडलं का तुमचं?’ ‘नाही,’ तो म्हणाला. ‘चालू द्या.’

म्हणजे तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंडावर बोलता येण्यासारखं ते नसणार. इतकी वर्षं जिने पाठ दिली तिला एकदा पाठ हवी होती, आणि तो जिन्यात जाऊन बसला. घरी येऊन त्याने दिवा लावला नाही, चपला काढल्या नाहीत. खाट कधीच हलवली होती, तिथे आता इस्त्रीचं टेबल होतं. काय असेल ते. भीती वाटते, असं असेल. मुलीबद्दल काही. किंवा त्याच्याबद्दलचा कसला राग, जुना, तोंडावर काढता न आलेला. राग असला तरी चाललं असतं. शिव्या असत्या तरी चाललं असतं. तो खुर्चीत बसून एक एक वाक्य तिच्या आवाजात लावून बघत होता आणि एकही बसत नव्हतं, चुकीच्या मापाच्या नटासारखं प्रत्येक वाक्य आट्यांवरून घसरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्या मांडता मांडता त्याने नव्या बाईंना गाठलं. ‘ती वाचते,’ तो म्हणाला. ‘बटण. काल वाचलं तिने. सगळा धडा.’ नव्या बाईंच्या हातात गठ्ठा होता, तो त्यांनी छातीशी धरला. ‘खरंच? पाटीत आलंय?’ ‘पाटीत नाही. माझ्या पाठीमागे वाचलं.’ त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात थट्टा नव्हती म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. ‘मामा, माझा विश्वास आहे हो. पण पाटीत यायला हवं ना. तिचं सगळं कोरं आहे. मोठ्या बाईंनी ठरवलंय, शुक्रवारी पाटीच्या ऑफिसातले साहेब येणार, त्यांच्यासमोर एकदा बघायचं, नाहीतर तिला त्या दुसऱ्या शाळेत पाठवायचं.’ दुसरी शाळा म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाची, न बोलणाऱ्या, न ऐकणाऱ्या मुलांची. ‘अहो, पण ती बोलते की,’ तो म्हणाला. ‘मग बोलू दे ना शुक्रवारी. मला काय नकोय का ते?’ नव्या बाईंचा आवाज चिरकला. ‘मी तिच्यापाशी किती वेळा बसले ठाऊक आहे का तुम्हाला? हाताला हात धरून बसले. शेजारच्या वर्गात पोरं एकमेकांची डोकी फोडत होती आणि मी इथे बसले होते.’

मग मधल्या सुट्टीत ते दोघं रोज कसरत करायला लागले, तो आणि बटण. काही ठरवलं नव्हतं. ती मैदानात जायची नाही, तो कपाटापाशी उभा राहायचा, एवढंच. तो काच पुसायचा आणि मागून कासव निघायचं. मग त्याने तिच्या बाकावर पाटी चालू करून ठेवून बघितली. ‘मला तुझा चेहरा दिसत नाही,’ पाटीतली ताई गोड आवाजात म्हणाली, ‘पाटी समोर धर पाहू.’ मुलीने बटण दातांत धरलं. त्याने पाटीच्या डोळ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. ‘समोर कुणी आहे का?’ ताईने विचारलं, आणि जरा वाट बघून ती झोपी गेली. गुरुवारी तर त्याने चक्क दोरीने पाटी स्वतःच्या पाठीवर बांधली, दप्तरासारखी, आणि कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. दारातून एक पोरगा डोकावला आणि ओरडत पळाला, ‘अरे, मामा बघा, मामा कासव झालेत!’ मागे एक बारीक आवाज झाला. ती हसली होती. पण वाचलं नाही. पाटीवर कोपऱ्यातल्या चौकटीत तिचा स्वतःचा चेहरा दिसत असतो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. कुणाला स्वतःच्या तोंडावर बोलता येत असेल?

शुक्रवारी बटणचा बाप आला. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा तो. तसाच कामावरून आला होता, नखांत काळं ग्रीस. ते ग्रीस बघून मामातल्या फिटरला बरं वाटलं. ‘मामा, घरी ही चुरूचुरू बोलते हो,’ बाप म्हणाला. ‘तिची आई भाकऱ्या करत असते आणि ही मागून सारखी बोलत असते. कान किटतात. आणि इथे काय होतं हिला?’ ‘आई भाकऱ्या करत असते तेव्हा,’ तो म्हणाला. ‘हो, मग?’ ‘काही नाही.’ मोठ्या बाई आल्या, नव्या बाई आल्या, आणि पाटीवाले साहेब, एक तरुण, नीट केस विंचरलेला माणूस. वाकून बटणच्या उंचीला येत साहेब म्हणाले, ‘हॅलो, घाबरायचं नाही हं.’ बटणने फ्रॉकचं बटण तोंडात घातलं. ‘साहेब,’ तो पुढे होऊन म्हणाला, ‘ती ताई मधे बोलली नाही तर चालेल का? तिचा आवाज बंद करता येतो?’ ‘आवाज बंद होतो की,’ साहेब म्हणाले आणि त्यांनी केलाही. ‘आणि आपण सगळ्यांनी तिकडे तोंड करायचं.’ ‘कुणीकडे?’ मोठ्या बाईंनी विचारलं. ‘कपाटाकडे. भिंतीकडे. कुठेही. तिच्याकडे नाही.’ मोठ्या बाईंनी नव्या बाईंकडे बघितलं. ‘मॅडम, करून बघू या ना,’ नव्या बाई म्हणाल्या. ‘त्या जुन्या बाई असंच करायच्या.’ त्याने चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना हे कुणी सांगितलं होतं? की बायकोच्याच वर्गात या नव्या बाई लहानपणी तिच्या पाठीमागे उभ्या राहून वाचायला शिकल्या होत्या? ते विचारायचं राहून गेलं.

सगळे वळले. मोठी माणसं शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी. बाप तर हात मागे बांधून उभा राहिला. तो नेहमीच्या जागी, कपाटासमोर. त्याने फडकं घेतलं आणि काच पुसायला लागला. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. मागे पाटी बाकावर उभी केलेली होती, तिचा उजेड काचेत अंधुक दिसत होता आणि त्या उजेडासमोर एक लहानसं डोकं. त्याने नजर खाली ठेवली. कुणाच्या तरी बुटाचा करकर आवाज झाला, मग तोही थांबला. मैदानात शिट्टी वाजली. तो पुसत राहिला. त्याला वाटलं, आपण आता वळायचं नाही, संध्याकाळ झाली तरी नाही, दिवे गेले तरी नाही. या वेळी जिन्यात जाऊन बसायचं नाही. आणि मग मागून, घशातल्या घशात, पण स्वच्छ, आलं. ‘कासव’.

काचेवर रंग उसळले. आधी त्याला कळलंच नाही. पिवळे, लाल, हिरवे ठिपके काचेवर भिरभिरायला लागले, भिंतीवर, त्याच्या हातातल्या फडक्यावर, आणि त्याने नजर वर केली तर काचेत पाटी भुईनळ्यासारखी तारे उधळत होती. तारे फुटत होते आणि मध्ये बटणचा चेहरा होता, रंगांनी माखलेला, डोळे विस्फारलेले. पहिला शब्द बोललेल्या मुलीला पाटी शाबासकी देत होती. आवाज बंद होता. तारे कुणी बंद केले नव्हते. शाबासकी दिली की ते जागं होतं. बायकोने सांगितलं होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं, आणि त्याने आवाजाचं सांगितलं पण ताऱ्यांचं त्याला सुचलं नाही. त्याने डोळे मिटले. बाप खाकरला. मोठ्या बाईंनी वळून बघितलं, मग साहेबांनी, मग सगळ्यांनीच. तो एकटा पुसत राहिला.

‘एक शब्द आलाय,’ साहेब पाटी हातात घेऊन म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे आवाजात कळत होतं. ‘चांगलं आहे तसं. पण एकच आहे.’ ‘ते तारे,’ तो म्हणाला. ‘तारे आले म्हणून थांबली ती.’ ‘तारे मुलांना आवडतात, काका,’ साहेब म्हणाले. ‘पुष्कळ मुलांवर बघून घातलेत ते.’ ‘घरी वाचू दे, मी फोनवर आवाज भरून आणतो,’ बाप म्हणाला. मोठ्या बाई बापाला बाजूला घेऊन हळू समजावायला लागल्या. तिकडे तिची नीट काळजी घेतील, तिकडे गर्दी कमी असते, तिच्या भल्याचंच आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं. बाप मान हलवत नखांतलं ग्रीस काढत होता. कुणी वाईट नव्हतं त्या खोलीत, आणि म्हणून धरायला काही नव्हतं. कुणाशी भांडायचं, कुणाची गचांडी धरायची. नव्या बाई शेजारच्या वर्गात गेल्या होत्या, तिथून त्यांचा ओरडण्याचा आवाज आला, आणि तो ओरडा त्या पोरांवरचा नव्हता.

संध्याकाळी पाट्या गोळा करताना त्याच्या मुलीचा फोन आला. ‘बाबा, जेवता ना वेळेवर?’ ‘हो.’ ‘आवाज असा का?’ तिला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. तुझ्या आईला काहीतरी सांगायचं होतं. मग वाटलं, ती विचारेल काय, आणि मग तिच्याही घरात ते रिकामं वाक्य हिंडत राहील, रात्री उठवेल तिला. त्यातल्या त्यात आपल्याकडे राहिलेलं बरं. ‘घसा बसलाय जरा,’ तो म्हणाला. त्याने फोन ठेवला आणि पाट्या एक एक करून कपाटात लावल्या. वायर जोडली की प्रत्येकीचा एक हिरवा ठिपका लागायचा.

मागे दार वाजलं. काचेत त्याला अंधुक दिसलं, बटण दप्तर न्यायला आली होती. बाप बाहेर मोठ्या बाईंच्या खोलीत सह्या करत असणार. तो वळला नाही. त्याने फडकं उचललं आणि पुसलेली काच पुसायला लागला. बाकाचा करकर आवाज झाला, म्हणजे ती बसली. त्याच्या हाताला रग लागली, तरी त्याने थांबवला नाही.

‘मला सगळं येतं,’ ती म्हणाली. ‘पुढचापण धडा येतो.’

‘बरं,’ तो काचेला म्हणाला.

‘आई म्हणते, तिकडे झोपाळा आहे.’

‘बरं.’

तिने श्वास घेतलेला त्याला ऐकू आला, ‘पाऊस’च्या आधी घ्यायची तसा.

‘तिकडेपण पाटी आहे?’

फडकं थांबलं. काचेपलीकडे हिरव्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. नाही म्हटलं असतं तर ती आज रात्री शांत झोपली असती. पण पाठीशी बोलणाऱ्याशी खोटं बोलायचं नसतं, बायको इतक्या वर्षांत एकदाही बोलली नव्हती. त्याने पुन्हा हात चालू केला.

‘आहे,’ तो म्हणाला.

‘बरं,’ मुलगी म्हणाली.

अगदी तसंच म्हणाली, मोठ्या बाईमाणसासारखं, पुढचं काही न विचारता. दप्तराची चेन लागली. पावलं दाराशी गेली, जरा थांबली, आणि मग जिन्यावरून उतरत गेली, एका पायरीवर दोन्ही पाय, पुढच्या पायरीवर दोन्ही पाय. ती ऐकू यायची बंद झाली तरी तो वळला नाही. काचेत आता मागची खोली रिकामी दिसत होती. तो पुसत राहिला, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, कान मागे लावून.